डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, पण किती?

प्रश्न : ताई, आमच्या सासऱ्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे, वय 64. डॉक्टर चांगले आहेत पण खाण्याचं विचारलं की "मीठ कमी, गोड बंद" एवढंच, आणि सिस्टरनी झेरॉक्स दिली त्यात ओट्स, ब्रोकोली. आमच्यात भाकरी, आमटी, खर्डा, रविवारी तांबडा-पांढरा. आण्णा म्हणतात डॉक्टरलाच काय कळत नाही, आणि चहात साखरेऐवजी गूळ घालतात, गूळ चालतो म्हणे. काय करू? – एक सून, उचगाव

उत्तर : अगं, तुझा वैताग कळतो. मी स्वतः वॉर्डात नोकरी केलीय. नर्सिंगला पहिल्याच वर्षी आहाराचा विषय असतो, आम्ही स्कर्व्ही, बेरीबेरी, मुडदूस, कुठल्या व्हिटॅमिनने काय होतं सगळं पाठ केलं, पण समोरच्या पेशंटच्या घरची आमटी कशी बदलायची हे कुणी शिकवलं नाही. एमबीबीएसला पण आहार थोडा बायोकेमिस्ट्रीत, थोडा कम्युनिटी मेडिसिनमध्ये असा विखुरलेला. त्यात ओपीडीत बाहेर रांग. हे बदलायलाच पाहिजे, कारण बीपी-शुगरचं अर्धं काम स्वयंपाकघरात होतं.

आता तुझं. गुळात बहुतेक साखरच असते, शुगर तशीच वाढते. आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत म्हणून जीव तुटतो, पण आण्णांना हे स्पष्ट सांग. फक्त गोड एकदम तोडण्याआधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचार.

मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, कांदा-लसूण चटणी सगळं आलं. घरात चार माणसं असतील तर एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरला पाहिजे, तुझा किती दिवस जातो बघ, पुड्यावर तारीख लिहून ठेव. सैंधव पण मीठच. आणि ते लो-सोडियम मीठ परस्पर आणू नको, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका असतो.

ओट्स राहू देत, ज्वारीची भाकरी उत्तम आहे, फक्त तीनच्या दोन कर आणि भाजी-उसळ वाढव. रस्सा खाऊ देत, वाटी एकच, वरचा कट काढून.

पुढच्या वेळी जाताना आण्णांनी तीन दिवसांत काय काय खाल्लं ते चहाच्या कपासकट कागदावर लिहून ने आणि आधी सिस्टरना दाखव, "यातलं काय कमी करू" असं नेमकं विचार. आण्णांना सोबत बसव, त्यांच्यासमोरच बोलणं होऊ दे.