वाचकांचे प्रश्न : मुख्य प्रशिक्षकपदाची वाट पाहणारे सहायक

प्रश्न : संघाला यश मिळवून देऊनही भारतीय फुटबॉलमधील सहायक प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांना मुख्य प्रशिक्षकपदासाठी इतकी वर्षे का थांबावे लागले? निकालांवरून त्यांची पात्रता सिद्ध झाली नव्हती का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हंगामी (तात्पुरत्या) प्रशिक्षकाच्या काळातील निकालांकडे जरा सावधपणेच पाहावे लागते. जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवाने मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले, तेव्हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीतील तीनच सामने उरले होते. मिरांडा यांच्या हाती संघ आला आणि हैदराबादवर 4-1, मुंबई सिटीवर 5-2 व जमशेदपूरवर 5-0 असे विजय मिळवत गोव्याने साखळीतील अव्वल स्थान पक्के केले. त्या जोरावर आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तरीही या चौदा गोलांचे सारे श्रेय मिरांडा यांना देता येणार नाही, कारण संघ लोबेरा यांनी बांधलेला होता आणि बसलेली घडी विस्कटू न देणे हे मिरांडा यांचे मुख्य काम होते. (ते सोपे असते, असे मात्र कोणी समजू नये.) उपांत्य फेरीत चेन्नईयिनने चेन्नईत 4-1 असे हरवले आणि परतीचा सामना 4-2 असा जिंकूनही दोन्ही सामन्यांच्या एकूण गोलांत एका गोलाने अंतिम फेरी हुकली. पुढच्या मोसमासाठी क्लबने हुआन फेरान्डो यांना आणले व मिरांडा पुन्हा सहायकाच्या जागी गेले.

वाचकांची तक्रार रास्त ठरते ती 2023 मध्ये. मुख्य प्रशिक्षक जोसेप गोम्बाउ गेल्यावर ओडिशा एफसीची सूत्रे मिरांडा यांच्याकडे आली आणि कोझिकोडला बंगळुरूचा 2-1 असा पराभव करून ओडिशाने सुपर कप जिंकला. एवढे होऊनही नव्या मोसमासाठी ओडिशाने निवडले ते लोबेरा यांनाच, आणि मिरांडा मोहन बागानमध्ये फेरान्डो यांचे सहायक झाले! आयएसएलमध्ये परदेशी मुख्य प्रशिक्षक व हाताशी भारतीय सहायक ही रीत इतकी मुरली होती, की करंडक जिंकणाऱ्या सहायकाकडेही अडीनडीचा माणूस म्हणूनच पाहिले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. चेन्नईयिनने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले ते 2025 मध्ये.

माझ्या लेखी अधिक बोलका पुरावा खालिद जमील यांचा आहे. 2021 च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने मुख्य प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना हटवले, तेव्हा संघाचे 11 सामन्यांत 12 गुण होते आणि त्यांतले सहा सामने बरोबरीत सुटले होते. सहायक असलेल्या जमील यांच्या हाताखाली त्याच संघाने उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत एकही हार न पत्करता 21 गुण मिळवले व उपांत्य फेरी गाठली. येथे चालती गाडी पुढे नेलेली नव्हती, तर अडलेली बाहेर काढलेली होती. त्याच वर्षी त्यांना पूर्णवेळ नेमण्यात आले आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाची जबाबदारीही मिळाली. सावियो मदेरा यांच्यानंतर हे पद प्रथमच भारतीयाकडे आले.

प्रश्न : उत्तम सहायक मुख्य प्रशिक्षक म्हणून फसू शकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : निश्चितच. लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप यांचे उजवे हात मानले गेलेले पेप लाइंडर्स ऑस्ट्रियातील साल्झबर्ग क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच मोसमात, डिसेंबर 2024 मध्ये, त्यांना पद सोडावे लागले. उलट हान्सी फ्लिक यांनी सहायकपदावरून बायर्न म्युनिक हाती घेतले आणि काही महिन्यांतच युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकली. खेळाडू आपले गाऱ्हाणे सहायकाकडे मोकळेपणाने मांडतो. त्याच खेळाडूला अकरांतून वगळण्याचा निर्णय स्वतः घेऊन तो त्याच्या तोंडावर सांगण्याची वेळ आली, की संबंध बदलतात, आणि ते कसे बदलतील हे सरावाच्या मैदानावरून कळत नाही.

प्रश्न : सध्या कोणाला संधी मिळावी, असे आपणांस वाटते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नौशाद मूसा यांना. त्यांनी 2021 मध्ये बंगळुरूची हंगामी जबाबदारी सांभाळली, पुढे नॉर्थईस्टमध्ये सहायक म्हणून काम केले आणि 2025 मध्ये भारताचा 23 वर्षांखालील संघ हाती घेऊन आशियाई पात्रता फेरीत बहारीनला 2-0 असे हरवले. त्या फेरीत कतारकडून झालेली 1-2 ही एकमेव हार महागात पडली. पण त्या एका गोलासाठी आयएसएल क्लबांनी त्यांना डावलणे मला पटत नाही.