'जागल्या' आणि मिठाला जागणे

प्रश्न असा आहे: संस्थेतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे 'व्हिसलब्लोअर'ला, मराठीत 'खबऱ्या' म्हटलेले चालेल का? आणि तो बोलला म्हणजे त्याची नोकरीवरची निष्ठा संपली, असे समजायचे का?

खबऱ्या चालणार नाही. खबऱ्या पोलिसांचा असतो आणि बातमीच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतो. 'चुगलखोर' आणि 'चहाडखोर' हे शब्द कार्यालयांतून सर्रास ऐकू येतात, ते त्याहून चुकीचे. चहाडीचा रोख एखाद्या व्यक्तीवर असतो, ती वरिष्ठाची मर्जी मिळवण्यासाठी केली जाते आणि तिच्यामुळे तिसऱ्या कुणाचे संकट टळत नाही. सहकारी रोज उशिरा येतो हे साहेबाच्या कानावर घालणे ही चहाडी. औषधाच्या चाचणीचे आकडे बनावट आहेत हे सांगणे चहाडी कशी होईल? ते औषध घेणारा रुग्ण या सांगणाऱ्याच्या ओळखीचाही नसतो. हिंदीतून 'सचेतक' उचलावा असे काही जण सुचवतात. पण हिंदीत सचेतक म्हणजे पक्षाचा प्रतोद, सदस्यांना पक्षादेशाप्रमाणे मत द्यायला लावणारा. नेमका उलट्या कामाचा माणूस!

आपल्याकडे शब्द तयार आहे: जागल्या. जागल म्हणजे रात्रीची राखण आणि ती करणारा तो जागल्या. गावगाड्यात हे नेमून दिलेले काम होते. वर्तमानपत्रांनी तो या नव्या अर्थाने वापरायला सुरुवात केली, ते उत्तम झाले. यावर आक्षेप असा घेतला जातो की जागल्या बाहेरच्या चोरावर ओरडतो, आणि हा तर घरच्यांवरच ओरडतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी 'जागणे' या क्रियापदाकडे नीट पाहिलेलेच नाही.

संस्कृत धातू 'जागृ'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ 'निद्राक्षये' असा दिला आहे: झोप सरणे. त्यातला 'जा' हे मुळात द्विरुक्तीचे (धातूचा आरंभ दोनदा येण्याचे) रूप आहे, आणि ग्रीकमधले 'एग्रेगोरा' (मी जागा आहे) हे याच घराण्यातले. ग्रेगरी या नावाचा अर्थही जागा, सावध असाच. आता मराठीने या धातूचे काय केले ते पाहा. आपण शब्दाला जागतो, वचनाला जागतो, इमानाला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो. निष्ठेसाठी मराठीचे सर्वांत जिवंत क्रियापद 'जागणे' हेच आहे. म्हणजे निष्ठावंत आणि जागल्या एकाच धातूचे! जो मिठाला जागतो तोच जागल करतो.

'मिठाला जागणे' ही फारसी 'नमकहलाल'ची नक्कल आहे, असे ठामपणे सांगणारे अभ्यासक भेटतात. मिठाची कल्पना तिकडून आली असेल, वाद नाही. पण तिकडे मीठ 'हलाल' होते, हिंदीत त्याचा हक 'अदा' केला जातो. दोन्हीकडे भाषा देण्याघेण्याची आहे. मिठासाठी जागे राहायचे, ही मराठीची स्वतःची भर आहे, आणि तिला नक्कल म्हणणे हा आळस आहे.

आणखी एक बारकावा. जागायचे कशाला? शब्दाला, मिठाला, उपकाराला. व्यक्तीचे नाव या जागी क्वचितच येते. साहेबाशी एकनिष्ठ राहता येते, पण 'साहेबाला जागला' हे कानाला खटकते. निष्ठेचा खरा प्रश्न इथेच सुटतो. कंपनीतले मीठ व्यवस्थापकाचे नसते. ते भागधारकांचे, ठेवीदारांचे, ग्राहकांचे असते. त्यांच्या पैशाला पाय फुटत असताना गप्प बसणारा मिठाला झोपला. रोनाल्ड डस्का या नीतितत्त्वज्ञाने तर कंपनी ही निष्ठा ठेवण्याजोगी गोष्टच नव्हे, असे म्हटले आहे. ते मला टोकाचे वाटते. निष्ठा आहेच, फक्त तिचा धनी कोण हे ओळखले पाहिजे.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या उपाध्यक्षा शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट 2001 मध्ये हिशेबातल्या घोळाचे पत्र दिले ते बाहेर कुणाला नाही, खुद्द अध्यक्ष केनेथ ले यांना. कंपनी वाचावी म्हणून. त्यानंतर वॉटकिन्स यांना काढून टाकले तर कायदेशीर धोका किती, याचा सल्ला कंपनीने वकिलांकडून मागवला. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. मिठाला कोण जागले होते, हे वेगळे सांगायला नको.

भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 177 खाली 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरव्यवहाराची तक्रार नोंदवण्याची अंतर्गत सोय, आहे. सूचीबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून 50 कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना ते बंधनकारक आहे. त्याचे भाषांतर 'दक्षता यंत्रणा' असे करतात. दक्ष म्हणजे मुळात कुशल. लॅटिन 'विगिल' म्हणजे मात्र जागा, आणि रात्रीचा पहारेकरीही. ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये रोममध्ये रात्रीची गस्त आणि आग विझवणे यासाठी उभारलेल्या दलाचे नाव 'विगिलेस' हेच होते. अक्षरशः जागले! इतके जुळणारे नाव समोर असताना 'दक्षता' का?

जागल आणि चहाडी यांतला फरक तक्रारीच्या कागदावरही दिसला पाहिजे. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे. तारीख, व्यवहार, दस्तऐवजाचा क्रमांक द्यावा. 'तो लबाड आहे' असे लिहू नये. 'या दोन बिलांवर एकच क्रमांक आहे' असे लिहावे. मूळ कागद जागेवरच ठेवावेत, ग्राहकांची खासगी माहिती घरी नेऊ नये, नाहीतर चौकशी तक्रारदाराचीच सुरू होते. निनावी तक्रार बहुधा मजकुरामुळेच फुटते: दोघातिघांनाच ठाऊक असलेला तपशील त्यात असतो, किंवा ती कार्यालयाच्या संगणकावर लिहिलेली असते.

आधी वरिष्ठाला सांगा, मग सगळ्या अंतर्गत पायऱ्या चढा, मगच बाहेर जा, असा क्रम उद्योगनीतीचे अभ्यासक रिचर्ड डी जॉर्ज यांनी घालून दिला आणि पाठ्यपुस्तकांतून तो शिकवला जातो. वरिष्ठच त्या व्यवहारात असेल तर हा क्रम पाळणे म्हणजे त्याला पुरावे नष्ट करायला वेळ देणे. कलम 177 मध्येही अपवादात्मक प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची सोय आहे. युरोपीय संघाचा 2019 चा निर्देश अधिक स्पष्ट आहे: थेट बाहेरच्या सक्षम यंत्रणेकडे जायची मुभा, अंतर्गत तक्रार केल्यास सात दिवसांत पोच आणि त्यापुढे तीन महिन्यांच्या आत काय केले त्याची माहिती. तक्रार पुढे चुकीची ठरली तरी, त्या वेळी ती खरी मानायला वाजवी कारण असेल, तर संरक्षण कायम राहते.

राहिला वापर. सामान्यरूप 'जागल्या-': जागल्याने, जागल्यांना, जागल्यांचे संरक्षण. स्त्रीसाठी वेगळे रूप घडवण्याची घाई नको. 'त्या कंपनीतल्या जागल्या होत्या' हे नीट चालते. आणि धोरणाला नाव हवे असेल तर 'जागल धोरण'.