वरच्या पंखाचं डावं टोक

प्रश्न : काका, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टायगर मॉथ या दुपंखी विमानाचं १:६ मापाचं, रेडिओवर उडणारं मॉडेल नकाशावरून बांधतोय. नकाशा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला. सांगाडा झालाय, कागद चढवायचा बाकी आहे. पण वरचा पंख बसवला की त्याचं डावं टोक उजव्यापेक्षा ४ मिलिमीटर वर राहतं. दोन पंखांमधल्या तारा ताणून खाली ओढून घेऊ का? शिवाय नकाशात दोन्ही पंख मागे झुकलेले दिसतात, ती कॉपीतली चूक आहे का?

उत्तर : आधी दुसरं सांगतो, कारण ते मला फार आवडतं. ती चूक नाही रे. टायगर मॉथच्या आधीच्या मॉथमध्ये वरचा पंख आणि त्यातली पेट्रोलची टाकी थेट पुढच्या बैठकीच्या डोक्यावर यायची. पुढे शिक्षक बसायचा, विद्यार्थी मागे. पाठीला पॅराशूट बांधलेल्या शिक्षकाला संकटात उडी मारायची तर वरचा पंख धरणाऱ्या त्या खांबांच्या जाळ्यातून निघणार कसा? म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्यानं तोल बिघडला, तो सावरायला पंखांची टोकं मागे वळवली. १९३१मध्ये विमान उडालं ते असं. तेव्हा तो झुकाव 'दुरुस्त' करायला जाऊ नकोस.

झेरॉक्सवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. मूळ विमानाचा पंख ८.९४ मीटर, म्हणजे तुझा साधारण १४९ सेंटीमीटर भरायला हवा. नकाशावर पोलादी पट्टी ठेव, लांबीत मोज, मग रुंदीतही मोज. मशीन एका दिशेला एक टक्का जरी ताणत असलं तरी १४९ सेंटीमीटरमागे दीड सेंटीमीटर जातो. डावा आणि उजवा पंख वेगवेगळ्या कागदांवरून कापला असशील, तर निम्मा गोंधळ तिथेच सापडेल.

आता तारा. नाही, अजिबात नाही! माझं पहिलं दुपंखी मॉडेल मी असंच 'सरळ' केलं होतं. भर पावसाळ्यात टिश्यू चढवला, डोप, म्हणजे कागद ताणून ताठ करणारं लॅकर, मारलं, वाकडा पंख दोऱ्यानं ओढून घेतला. कपाटावर ते इतकं छान दिसायचं की शेजारीपाजारी बघायला यायचे. ऑक्टोबरच्या उन्हात कागद आखडला आणि दोऱ्यानं दाबून ठेवलेला पीळ पंखात उतरला. हातातून सुटलेलं विमान डावीकडे वळत वळत थेट उसात. शेतकऱ्यानं ते बाहेर काढून दिलं आणि विचारलं, "पोरगं कुठाय?" मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

तुझ्या पंखाचं दुखणं बहुधा खांबांत आहे. तू खांब नकाशावरून कापून घेतलेस आणि त्यांच्यावर पंख टेकवलास, हो ना? उलटं कर. सपाट दारावर सांगाडा ठेव, पाणसळ लावून आधी खालचा पंख पक्का कर. मग जाड पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घे. प्रत्येकात वरच्या आणि खालच्या पंखाच्या छेदाचा आकार कोर, नकाशातलं अंतर, कोन आणि पुढे-मागेपणा जसाच्या तसा ठेवून. हे दोन पुठ्ठे पंखांवर डावीउजवीकडे सारख्या अंतरावर सरकव, दोन्ही पंख आपोआप एकमेकांशी जुळतील. शेपटीच्या खुंटीपासून दोन्ही टोकांपर्यंत दोरा धरून अंतर तपास, समान हवं. आता मधल्या जागेत बसतील एवढे खांब कापून चिकटव. सगळं सुकल्यावरच पुठ्ठे काढ. तारा सर्वांत शेवटी, जेमतेम ताठ होतील एवढ्याच.

जाता जाता वजनाचं. मूळ विमान रिकामं साधारण ५०६ किलो. वजन मापाच्या घनानं उतरतं, तर ६ × ६ × ६ म्हणजे २१६नं भाग, सव्वादोन-अडीच किलो येतं. मॉडेल त्याच्या आसपास असलं तर मजेत उडतं. शेपटीत डिंक ओतू नकोस. मागचा एक ग्रॅम तोलायला पुढे तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं.

प्रश्न : मॉडेलसाठी वापरतात त्या बाल्सा लाकडाची फळी कधी हलकी, कधी जड मिळते. कशी निवडावी? (चिपळूणहून एक शिक्षिका)

उत्तर : बाई, दुकानात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन जा. एक मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड फळी १८ ते २४ ग्रॅम भरली तर रिबसाठी, म्हणजे पंखाच्या आडव्या फासळ्यांसाठी, उत्तम. ३०च्या वर गेली तर तीच स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यासाठी, कापा, वाया जात नाही. दुकानदार पहिल्यांदा हसतो, दुसऱ्या खेपेला स्वतःच काटा पुढे करतो.