साळगाव: गाव की शहर?

प्रश्न थोडक्यात असा: ‘साळगाव हे गोव्यातील एक शहर आहे’ असं वाक्य विचारणाऱ्यांच्या वाचनात आलं. त्यांच्या माहितीप्रमाणे साळगावला ग्रामपंचायत आहे, आजूबाजूला भातशेती आहे, आणि नावातच ‘गाव’ आहे. मग ते शहर कसं? हे चुकीचं भाषांतर आहे का? आणि इंग्रजीतल्या ‘टाउन’साठी मराठीत शहर, नगर, कसबा, गाव यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

वाक्य खोटं नाही, पण मराठी म्हणून फसलेलं आहे. खोटं अशासाठी नाही की २०११ च्या जनगणनेत साळगावची नोंद खरोखरच शहर अशी आहे. एकटं साळगावच नव्हे. हळदोणे, शिवोली, कळंगुट, कांदोळी, बाणावली, बांदोडे, कुर्टी, चिखली, सांकवाळ, गोवा वेल्हा ही सगळी त्या यादीत शहरंच आहेत. जनगणनेच्या हिशेबानं गोव्यात ७० शहरं होती. त्यांतल्या १४ ठिकाणी नगरपालिका किंवा महापालिका आहे: पणजी, म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुडचडे-काकोडा, कुंकळ्ळी, केपे, सांगे आणि काणकोण. उरलेल्या ५६ ठिकाणी कारभार ग्रामपंचायतीचा. तिथे सरपंच आहे, ग्रामसभा भरते, घरपट्टी पंचायत घेते. तरीही मोजणीपुरती ती शहरं. अशा वस्तीला जनगणनेच्या परिभाषेत ‘जनगणना शहर’ म्हणतात, आणि कायद्यानं नगरपालिका मिळालेल्या ठिकाणाला ‘वैधानिक शहर’. माहितीच्या तक्त्यातून वाक्य बनवताना ‘जनगणना’ हा शब्द गळतो आणि नुसतं ‘शहर’ उरतं. घोटाळा झाला तो तिथे.

जनगणना शहर ठरवण्याच्या कसोट्या तीन. वस्ती किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्य कामगार म्हणून नोंदलेल्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. मुख्य कामगार म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काम असलेला. होय, फक्त पुरुष. बायका भात लावतात, मासळी विकतात की कचेरीत जातात, याचा वस्ती गाव की शहर हे ठरवण्याशी काही संबंध नाही. मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे. आणखी एक गंमत अशी की ही यादी जनगणनेच्या आधीच करावी लागते, म्हणजे आधीच्या मोजणीतल्या आकड्यांवरून अंदाज बांधून. त्यामुळे काही ठिकाणं प्रत्यक्ष मोजणीत पाच हजारांच्या खाली आली तरी यादीत शहर म्हणूनच राहतात.

आता गोव्याचे आकडे जरा सावकाश बघू, कारण शब्दानं केवढा फरक पडतो ते त्यांतच दिसतं. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या १३,४७,६६८ होती, २०११ मध्ये १४,५८,५४५. दहा वर्षांतली वाढ जेमतेम ८.२३ टक्के, डोक्यांत सांगायचं तर लाखाच्या थोडी वर. पण याच दहा वर्षांत शहरी लोकसंख्या ६,७०,५७७ वरून ९,०६,८१४ वर गेली. सगळं राज्य लाखभरानं वाढलं आणि शहरं सव्वादोन लाखांहून अधिक! बाकीची माणसं आली कुठून? कुठूनच नाही. ती आपल्याच वाड्यावर, आपल्याच घरात होती, फक्त घराचा रकाना बदलला. जनगणना शहरं ३० ची ५६ झाली, आणि शहरी लोकांचं प्रमाण ४९.७६ टक्क्यांवरून ६२.१७ टक्क्यांवर गेलं. ‘गोव्यातली खेडी ओस पडताहेत, लोक शहरांकडे धावताहेत’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून कोणी काढला तर तो ‘शहर’ या एका शब्दाला फसला असं समजावं. केरळातही तसंच. तिथे २००१ मध्ये १५९ शहरं होती, २०११ मध्ये ५२०, आणि त्यांतली ४६१ जनगणना शहरं.

किनारपट्टीवर हे जास्त का घडतं, याचं कारण भूगोलात आहे. देशावर गाव एका पुंजक्यात असतं. मध्ये घरं, भोवती शिवार, आणि पुढचं गाव दोन-तीन कोसांवर. गोव्यात, कोकणात, केरळात वस्ती वाड्यावाड्यांनी पसरते. डोंगराच्या पायथ्याशी घरं, समोर खाजण किंवा भाताचं शेत, पलीकडे माड, मग पुन्हा घरं. एक गाव संपून दुसरं कुठे सुरू झालं हे परक्याला कळत नाही. अशा ठिकाणी दाटी चारशेचा आकडा सहज ओलांडते. त्यात घरटी एखादा माणूस सरकारी नोकरीत, बंदरावर, हॉटेलात किंवा आखातात. जहाजावर काम करणाऱ्याला तिकडे ‘तार्वटी’ म्हणतात, आणि बाणावलीसारख्या गावांत तार्वट्यांची घरं पुष्कळ. शेती आहे, पण त्या घरातला पुरुष शेतकरी म्हणून नोंदला जात नाही. झालं, तिन्ही कसोट्या पार! ना बाजारपेठ उभी राहिली, ना नगरपालिका आली, तरी वस्ती शहर ठरली.

उलट बाजूही बघा. नकाशावर ज्याला सगळे शहर समजतात ते कधीकधी नोंदीत त्या नावानं उभंच नसतं. पर्वरीत २००० सालापासून गोव्याची विधानसभा आहे, मोठमोठ्या वसाहती आहेत, पण पंचायती बघितल्या तर सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर दु मुंद अशी नावं निघतात. वास्कोचं तसंच. माणूस वास्कोला राहतो, पण घरपट्टी भरतो मुरगाव नगरपालिकेत. २०११ मध्ये मुरगाव आणि मडगाव दोन्ही ऐंशी हजारांच्या वर होती, आणि राजधानी पणजी महापालिका असूनही ४०,०१७ वर. भोवतालच्या वस्त्या धरून जो नागरी समूह होतो तो मात्र १,१४,७५९ चा. म्हणून ‘पणजीची लोकसंख्या किती’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर.

शहर कोणी ठरवायचं याची रीत काळाप्रमाणे बदलत आली आहे. पोर्तुगीज अमलात ते राजाच्या हातात होतं. त्यांच्याकडे तीन पायऱ्या होत्या: आल्दैया म्हणजे गाव, विला म्हणजे मधली पायरी आणि सिदाद म्हणजे शहर. मडगावला विलाचा दर्जा मिळाला १७७८ मध्ये. पणजीला १८४३ च्या राजाज्ञेनं ‘नोव्हा गोवा’ या नावानं राजधानी आणि शहर करण्यात आलं. मुक्तीनंतर ते काम कायद्याकडे आलं, आणि गोव्याचा नगरपालिका कायदा १९६८ चा. जनगणनेची रीत तिसरी, तिला राजाज्ञा नको आणि अधिसूचनाही नको, मोजलं की झालं.

या तिन्ही रीतींची गाठ एका ठिकाणी पडते. चांदोर ही जुनी चंद्रपूर नगरी, गोव्याच्या कदंब राजघराण्याची आधीची राजधानी. तिथून कदंब जुवारीच्या काठच्या गोपकपट्टणाला आले, म्हणजे आजचं गोवा वेल्हा. पुढे ते बंदर मागे पडलं आणि मांडवीच्या काठी दुसरं शहर वाढलं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं आदिलशाहीकडून ते जिंकलं, आणि तेच आजचं जुने गोवे. (‘वेल्हा’ म्हणजेही जुनंच. दोन नद्या, दोन ठिकाणं आणि दोन्ही ‘जुनं गोवा’, त्यामुळे एकाचा इतिहास दुसऱ्याला चिकटवलेला नेहमी आढळतो.) तिन्ही ठिकाणं एकेकाळी राजधान्या, आज तिन्हींचा कारभार ग्रामपंचायतीकडे. पण त्यांतलं गोवा वेल्हा जनगणनेच्या यादीत पुन्हा शहर झालेलं आहे, आणि त्याचं कदंबांशी काही घेणंदेणं नाही.

आता शब्दांकडे. ‘टाउन’ला मराठीत एकच नेमका शब्द नाही, आणि नसण्याचं कारण आपली जुनी व्यवस्था निराळी होती. मराठी कागदपत्रांत मौजे, कसबे आणि पेठ हे भेद स्पष्ट दिसतात. शेतकऱ्यांचं गाव ते मौजे, परगण्याचं ठाणं आणि बाजार जिथे ते कसबे, आणि मुद्दाम वसवलेली व्यापाऱ्यांची वस्ती ती पेठ. ‘कसबे पुणे’ याच रीतीतलं, त्याचीच आठवण कसबा पेठेत उरली. संगमेश्वरजवळचा कसबाही तोच. म्हणजे विलाची जागा मराठीत कसब्याकडे होती. पण आज ‘म्हापसा हा कसबा आहे’ असं लिहिलं तर वाचक अडखळेल. ‘मौजे’ सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेत तगून आहे, ‘कसबा’ मात्र विशेषनाम होऊन बसला. तो सामान्यनाम म्हणून पुन्हा चालवावा असं काही जण सुचवतात. हिंदीत तो चालतो म्हणून मराठीत चालेलच असं मला वाटत नाही.

‘नगर’ बोलण्यात एकटा येत नाही. नगरपालिका, नगरसेवक, नगरपंचायत असा जोडूनच येतो, किंवा वसाहतीच्या नावात. ‘शहर’ फारसीतून आला, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘क्षत्र’ शब्दाच्या कुळातलं, अर्थ राज्य किंवा सत्ता. आपल्याकडे मात्र त्यानं मोठेपणा आणि गजबज एवढाच अर्थ धरला. इंग्रजीतला ‘सिटी’ही शहर आणि ‘टाउन’ही शहरच. त्यामुळे ‘टाउन’ला शहर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर सिग्नल आणि फूटपाथ उभे राहतात, आणि साळगावला गेल्यावर तो गोंधळतो.

राहिला ‘गाव’, आणि खरी गोम इथे आहे. विचारणाऱ्यांनी ‘गाव’ म्हणजे शहराच्या उलट असं धरलेलं दिसतं. ते तसं नाही, शहराच्या उलट ‘खेडं’. ‘गाव’ हा आकाराचा शब्दच नव्हे. ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाला ‘पुणे’ हे उत्तर बिनतक्रार चालतं. मुंबईहून नागपूरला निघालेला माणूस ‘परगावी’ जातो, आणि मुंबईच्या स्टेशनांवर ‘बाहेरगावच्या’ गाड्या दिल्लीलाही जातात. बेळगाव, जळगाव, मालेगाव या मोठ्या शहरांना नावातलं गाव जड झालेलं नाही. मडगावची पारंपरिक व्युत्पत्ती मठग्राम, आणि मुरगाव तर बंदर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला नगरपरिषद आहे, तिथे तर नावातच खेडं! गाव म्हणजे माणसाचा आणि वस्तीचा संबंध: जिथे आपली माणसं, देव आणि जमीन आहे ती जागा. गोव्यात हा अर्थ आणखी घट्ट, कारण गावकारीची जुनी व्यवस्था, जी पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद म्हणून ओळखली जाते, गावाच्या सामाईक जमिनीवरच उभी होती. तालुक्यांची नावंसुद्धा गावं मोजूनच पडल्याचं परंपरा सांगते. तीस वाड्यांची तिसवाडी, सहासष्ट गावांची साष्टी.

म्हणून पंचायत असलेल्या वस्तीला नगरपालिका द्यायची म्हटलं की तिथले लोक सावध होतात, ते निव्वळ भावनेपोटी नाही. नगरपालिकेत ग्रामसभा नसते. एखाद्या बांधकामावर सगळ्यांसमोर उभं राहून आक्षेप घ्यायची जागा त्यामुळे जाते. ‘आमचं गाव आहे’ हे वाक्य तिथे वर्णन कमी आणि हक्क जास्त असतं.

तर लिहावं कसं? माझं मत असं. कारभाराबद्दल बोलत असाल तर ‘साळगाव हे बारदेश तालुक्यातलं गाव’ हेच बरोबर. लोकसंख्येचा आकडा देत असाल तर ‘२०११ च्या जनगणनेत शहर म्हणून नोंदलेलं गाव’ असं सरळ लिहावं. वाक्य थोडं लांबतं, पण वाचक चकत नाही. ‘जनगणना शहर’ हा शब्द तक्त्यात आणि अभ्यासाच्या लेखात ठीक आहे, ललित लेखनात किंवा प्रवासवर्णनात तो टोचतो. नगरपालिका असलेल्या लहान ठिकाणांना, म्हणजे सांगे, वाळपई, पेडणे यांना, ‘नगरपालिकेचं गाव’ म्हणायला काहीच हरकत नाही. मराठीत ते पूर्वीपासून रुळलेलं आहे. ‘छोटं शहर’ही चालेल. महाराष्ट्रात सीमेलगतच्या कसई-दोडामार्गला किंवा कुडाळला नगरपंचायत आहे, तिथे ‘नगरपंचायतीचं गाव’.

आणि साल लिहायला विसरू नये. २०२१ ची जनगणना लांबली, आता ती २०२७ ची ठरली आहे. तेव्हा यादी नव्यानं होईल, काही गावं तिच्यात शिरतील आणि एखादं शहर पुन्हा गावही होईल.