लमाश्तूची बोळवण

प्रश्न : लूव्हर संग्रहालयातल्या पाझूझूच्या मूर्तीचा फोटो पाहिला. इतकं भेसूर तोंड, आणि म्हणे बाळ-बाळंतिणीच्या रक्षणासाठी! मेसोपोटेमियातली माणसं घरात राक्षस कशाला ठेवायची? त्यांच्याकडे वैद्य नव्हते का?

उत्तर : होते की. लेप, काढे, पट्ट्या बघणारा तो असू, आणि मंत्र-विधी जाणणारा तो आशिपू. या आशिपूंसाठी इ. स. पू. 11व्या शतकात बोर्सिप्पा या बाबिलोनजवळच्या शहरातल्या एसागिल-किन-आप्ली नावाच्या विद्वानाने लक्षणांचा 40 मातीच्या पाट्यांचा ग्रंथ लावून दिला. त्याची सुरुवात रोग्याच्या घरी जायच्या वाटेवरच होते : काळं डुक्कर दिसलं तर रोगी दगावणार. म्हणजे नाडीआधी डुक्कर!

आता पाझूझू. त्याआधी लमाश्तूला भेटा. आकाशदेव अनूची ही लेक. तोंड सिंहाचं, पाय शिकारी पक्ष्याचे, हातांत साप, एका थानाला कुत्र्याचं पिल्लू, दुसऱ्याला डुकराचं. गर्भ पाडायचा, तान्ही पोरं उचलायची, हा तिचा उद्योग. बाकीची भुतं देवांच्या हुकमाने यायची, ही आपल्या मर्जीने. तिला आवरायला साध्या माणसाचं काय चालणार? म्हणून हन्बीचा मुलगा पाझूझू, वाऱ्यावरच्या दुष्ट भुतांचा राजा. स्वतः काही सज्जन नव्हे. पण काट्याने काटा निघतो ना! तुम्ही पाहिलीत ती ब्राँझची मूर्ती जेमतेम 15 सेंटिमीटरची. डोक्यावर कडी आहे, म्हणजे टांगायचीच वस्तू. नुसतं त्याचं मुंडकंही ताईत म्हणून वापरत.

माझा जीव मात्र त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या वस्तूवर. असिरियन साम्राज्याच्या काळातली ब्राँझची पाटी, वीतभरही नाही. वरच्या काठावरून पाझूझू डोकावतोय. मधल्या पट्टीत खाटेवर रोगी, उशा-पायथ्याशी माशाचं कातडं पांघरलेले दोघं. आणि तळाशी नदी, नदीत नाव, नावेत गाढव, गाढवावर लमाश्तू. मागून पाझूझू तिला हुसकावतोय. समोर तिच्यासाठी भेटवस्तू मांडल्यात. मंत्रांतून कळतं की तिला फणी, चाती, तेलाची कुपी, असं बायकी सामान देत. मातीची लमाश्तू करून तिच्यापुढे भाकरीची शिदोरीही ठेवत.

पोरं खाणारीला शिव्याशाप तर होतेच, पण बोळवणही रीतसर. जमिनीवर गाढव, पाण्यात नाव. वाटेत अडले म्हणून परत आले, असं म्हणायला तिला जागाच ठेवली नाही.