नाशिकमध्ये अंगणात लॅव्हेंडर जगतं का? मे महिन्यात किती दिवसांनी पाणी द्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरापुढे दहा बाय चार फुटांची जागा आहे, माती काळी आहे, उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं, म्हणून कमी पाण्यावरचं फुलझाड म्हणून लॅव्हेंडर लावायचंय. बी पेरू की रोप आणू, आणि मे महिन्यात किती दिवसांनी पाणी देऊ, हा तुमचा प्रश्न.

मे महिन्याची काळजी सोडा. नाशकात लॅव्हेंडर मे महिन्यात मरत नाही, ते जुलै-ऑगस्टमध्ये मरतं. आणि तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतं. एवढ्या एका गोष्टीवरून माझ्या घरात दोन वर्षं वाद चालला, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आमचं घर मखमलाबादकडे. सासरे, म्हणजे अण्णा, यांची अख्खी हयात दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या बागेत गेली. बागेतलं त्यांना कळतं त्याच्या दहावा हिस्साही मला कळत नाही, हे मी आजही म्हणते. २०१९ च्या जानेवारीत मी लॅव्हेंडरची तीन रोपं आणली आणि फाटकाजवळच्या सपाट काळ्या मातीत लावली. उन्हाळा आला. मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी आठवड्यातून एकदा पाणी घालायचे, कधी तेही राहून जायचं. रोपं हटली नाहीत. उलट शेंड्याला जांभळ्या तुऱ्याची फुलं आली, हात लावला की दिवसभर बोटांना वास राहायचा.

मग पाऊस. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदेला मोठा पूर आला होता, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या अंगणात पाणी साचून राहिलं नव्हतं, पण माती नुसता चिखल. आठ-दहा दिवसांनी दुपारी बघते तर एका रोपाचे शेंडे खाली वाकलेले, पानं लोंबलेली, अगदी तहानलेलं झाड दिसतं तशी. अण्णा आले, म्हणाले, "पाण्याला आलंय ते." ऑगस्टमध्ये! त्यांचं म्हणणं, उन्हाळाभर पाणी तोडल्यानं मुळं वर राहिली, आता जोर धरायला पाणी हवं. सकाळ-संध्याकाळ एकेक बादली सुरू झाली. मला पटत नव्हतं, पण त्यांच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. चार दिवसांत रोप राखाडी पडलं, पंधरा दिवसांत तिन्ही गेली.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणीतरी विचारलं, इथली ती वासाची झाडं कुठं गेली? अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाईंनी उन्हाळाभर उपाशी ठेवली, त्यातच गेली बिचारी." मी आत जाऊन मोदक वळत बसले.

विसर्जनानंतर मी ती रोपं उपटली. मूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत दोऱ्याएवढी तार उरली. रंग तपकिरी, वास तुंबलेल्या मोरीसारखा. तहानेनं वाळलेलं मूळ असं नसतं, ते कडक आणि ठिसूळ असतं. मी ती मुळं धुऊन वर्तमानपत्रावर मांडली आणि अण्णांपुढे ठेवली. ते म्हणाले, "मेल्यावर मूळ कुजतंच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मी पुढच्या पावसाळ्यात मिळवलं. सहा रोपं आणली, एकाच ठिकाणची, एकाच मापाची. तीन तशाच सपाट काळ्या मातीत लावली. तीन बोदावर, म्हणजे मातीच्या उंच वरंब्यावर लावली. बोद फूटभर उंच केला, त्यात निम्मा मुरूम, बाकी जाड वाळू आणि थोडीच काळी माती, वरून बारीक खडी. उन्हाळ्यात सहाही रोपांना सारखंच पाणी दिलं. ऑगस्ट संपेपर्यंत सपाटीवरची तिन्ही गेली, बोदावरची तिन्ही उभी. अण्णा बघून म्हणाले, "बोदावर काय, काहीही जगतं." मी म्हटलं, अण्णा, तेच तर सांगत होते. तुम्ही वेलीला बोद करता ते मुळाशी पाणी थांबू नये म्हणूनच ना? मग माझ्या झाडाला वेगळा न्याय का? त्यावर ते काही बोलले नाहीत. पण उपाशी ठेवल्याचं परत कधी काढलं नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाण्याचं वेळापत्रक कुणाला विचारावं लागणार नाही. हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचं. तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे बरोब्बर उलटं. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, उकाड्यात. कोरडा उन्हाळा सोसायला ते तयार आहे, ओल्या उन्हाळ्याला नाही. गरम, ओल्या मातीत मुळाला फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा रोग लागतो, आपल्या द्राक्षावरच्या डाऊनीच्याच (केवड्याच्या) भावकीतला. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पान लोंबतं आणि बघणाऱ्याला वाटतं तहान लागलीय. लोंबलेलं झाड दिसलं की आधी माती उकरून बघा, मग बादली उचला.

काळी माती क्षारीय असते, त्याला लॅव्हेंडरची हरकत नाही, उलट चुनखडीची जमीन त्याला चालते. हरकत आहे ती निचरा नसण्याला. शेणखत घालू नका. घातलंत तर पाला माजेल, फांद्या आडव्या पडतील आणि फुलं कमी येतील. नर्सरीतलं रोप बहुतेक कोकोपीटमध्ये असतं, ते मुळाभोवती स्पंजासारखं पाणी धरतं. लावताना हलक्या हातानं जमेल तेवढं झटकून टाका.

छाटणीचंही सांगते, कारण द्राक्षवाल्या घरात ही चूक होतेच. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की वेल नव्यानं फुटतो. लॅव्हेंडर फुटत नाही. पान नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर ती फांदी गेली म्हणून समजा. फुलं संपली की वरचा तिसरा हिस्सा कापायचा, खाली हिरवं ठेवून.

आता तुमचा प्रश्न. रोप आणा. बी उगवायला तीन-चार आठवडे घेतं, आणि पाकिटातलं बी बहुतेक इंग्लिश जातीचं असतं. ती जात मुळात डोंगराळ थंडीतली, तिला फुलायला कडक हिवाळा हवा. जम्मूकडे भदरवाहला अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या सरकारी योजनेतून लॅव्हेंडरची शेती उभी राहिली ती त्या थंडीच्या जोरावर. त्याचे फोटो बघून नाशकाची तुलना करू नका. आपल्याकडे पानाच्या कडेला बारीक दाते असलेली जात घ्या, लॅव्हेंड्युला डेंटाटा, नर्सरीत तिला बऱ्याचदा फ्रेंच म्हणतात. दसरा झाला, पाऊस थांबला की लावा, म्हणजे थंडीत मुळं धरतील.

पाणी किती दिवसांनी? बांबूची काडी चार इंच खुपसा, ओली निघाली तर द्यायचं नाही. माझ्या बोदावर मे महिन्यात आठवड्यातून एकदा पुरतं, पण ते मुरलेल्या झाडाला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा द्यावं लागेल. कुंडीत लावणार असाल तर यातलं काही लागू नाही, कुंडी दोन दिवसांत वाळते. इगतपुरी-त्र्यंबककडे घर असेल तर उघड्यावर लावूच नका, पावसाळ्यात छज्ज्याखाली कुंडीतच ठेवा. आणि एवढं करूनही एखादं जातंच. २०२२ च्या पावसात माझ्या बोदावरचंही एक गेलं. चार-पाच वर्षांत झाड लाकडी होतं, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर न फुललेल्या शेंड्याच्या बोटभर काड्या वाळूत सावलीला लावून ठेवा.

राहिलं एक. मोना लॅव्हेंडर नावाचं एक झाड मिळतं, पान खालून जांभळं, फूलही जांभळं. ते लॅव्हेंडर नव्हे. ते दक्षिण आफ्रिकेत तयार केलेलं वेगळंच झाड, त्याला सावली आणि ओल लागते. घ्यायच्या आधी पान चुरगाळून वास घ्या आणि पानाची खालची बाजू बघा.