पावती सासऱ्यांच्या नावावर आणि बिल्डर दारात: सही करू का?

गिरगावातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. १९४० च्या आधीची चाळ, तीन मजले, २४ खोल्या, जिन्याला गेली सात वर्षं लाकडी टेकू. खोली साधारण १८० फुटांची, भाडं महिना ८६ रुपये, पण पावती अजून सासऱ्यांच्या नावानं फाटते. सासरे २००९ ला गेले, मिस्टर २०२१ ला. ताई लग्नापासून तिथेच राहिल्या, आता मात्र बराचसा वेळ डोंबिवलीला मुलीकडे असतात आणि खोलीला कुलूप. दीर १९९८ पासून बदलापूरला, ते म्हणतात अर्धी खोली माझी. मालक म्हणतो पावती नावावर करायची तर चार लाख द्या. आता बिल्डरचा माणूस संमतीपत्र घेऊन येतोय आणि सांगतोय की सरकार पैसे देतंय, लवकर सही करा, म्हाडा कायद्याच्या ७९-अ ची नोटीस निघालीय, नाहीतर म्हाडा ताब्यात घेईल आणि तुम्ही ट्रान्झिट कॅम्पात सडाल. शेजारी म्हणतात सही करूच नका, म्हाडा फुकट बांधून देईल. ताईंचा प्रश्न, की सरकारचं नक्की काय अनुदान आहे, त्यातलं मला काय, आणि सही करू की नको.

ताई, आधी अनुदानाचं बोलतो कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. तुमच्या हातात चेक येईल असं काही अनुदान नाही. जे आहे ते तीन वाटांनी येतं. पहिली वाट दुरुस्तीची. १९६९ च्या कायद्यापासून शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लागतो, म्हणून त्यांना आपण सेसच्या इमारती म्हणतो, सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. महापालिका प्रॉपर्टी टॅक्सबरोबर हा सेस गोळा करते, त्यात सरकारची, पालिकेची आणि म्हाडाची भर पडते आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ त्यातून टेकू लावतं, बीम बदलतं, जिना बांधतं. पण त्याला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा आहे, तिच्यावर खर्च गेला की जादा रक्कम भाडेकरूंनी भरायची किंवा मग इमारत दुरुस्तीपलीकडची म्हणून जाहीर व्हायची. सात वर्षं टेकू आहे पण काम पुढे नाही म्हणता ते बहुतेक ह्यातच अडकलंय. दुसरी वाट ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे इमारत धोकादायक ठरून रिकामी केली की राहायला गाळा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, आणि हे नीट समजून घ्या कारण तुमची सगळी ताकद इथे आहे. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधला ३३(७) हा नियम सेसच्या इमारतींसाठी आहे. त्यात प्लॉटवर ३ एफएसआय मिळतो, किंवा सगळ्या जुन्या भाडेकरूंना घरं द्यायला जेवढं बांधकाम लागतं ते अधिक त्यावर बक्षिसाचं बांधकाम, ह्यातलं जे जास्त ते. बक्षीस एका प्लॉटला ५० टक्के, दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर ६० आणि सहा किंवा जास्त असतील तर ७० टक्के. आता तुमचीच खोली घ्या. तुमचे १८० फूट असले तरी नियमानं किमान ३०० फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) म्हणजे २७.८८ चौरस मीटर द्यावंच लागतं, फुकट, मालकीचं. आणि बक्षिसाच्या हिशोबानं गेलं तर त्या ३०० वर बिल्डरला अंदाजे १५० फूट जास्तीचं विकायला मिळतं, गिरगावच्या भावानं. (समजण्यापुरता हिशोब आहे, प्रत्यक्षात कार्पेट आणि बिल्टअपचा फरक पडतो.) म्हणजे सरकारचं अनुदान आहेच, फक्त ते पैशात नसून आकाशातल्या जागेत आहे आणि ते बिल्डरच्या खिशात तुमच्या नावावरून जातं. भाडेकरूंच्या सर्टिफाइड यादीत माणसं नसतील तर त्याला हे बांधकामच मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, की सही करायची की नाही हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न हा की त्या यादीत तुमचं नाव आणि तुमचं क्षेत्रफळ बरोबर आहे का. ही यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं, १३ जून १९९६ नंतर नव्यानं केलेले भाडेकरार धरले जात नाहीत, तुमचा त्याआधीचा आहे त्यामुळे ती काळजी नको. पण यादीत आज सासऱ्यांचं नाव असणार आणि समोर कोणीतरी "मयत, वारस वाद" असा शेरा मारला की पुढे सगळं अडतं. माझ्या एका अशिलाचं असं झालंय, लालबागची केस, आजीच्या नावाची पावती, दोघा भावांचं पटत नव्हतं, इमारत पाडली गेली, शेजाऱ्यांना बाहेर राहण्यासाठी बिल्डरकडून महिन्याचं भाडं चालू झालं आणि ह्या घराचं भाडं "वाद मिटेपर्यंत राखून" म्हणून चार वर्षं थांबलं. आजारी आई घेऊन माणूस स्वतःच्या पगारातून विरारला भाडं भरत होता. ते टाळता आलं असतं, इमारत उभी असताना कागद झाले असते तर.

दिरांचं. लोकांना वाटतं भाड्याची खोली पण शेतासारखी सगळ्या वारसांत वाटली जाते. तसं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ७(१५) मध्ये लिहिलंय की राहत्या जागेचा भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, तसा कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार, आणि एकाहून जास्त असले तर आपसात ठरवून किंवा कोर्टाकडून. २००९ ला सासऱ्यांसोबत तुमचे मिस्टर आणि तुम्ही होतात, दीर अकरा वर्षांपूर्वीच बदलापूरला गेलेले. २०२१ ला मिस्टरांसोबत तुम्ही. त्यामुळे दिरांचा दावा कायद्यानं कमजोर आहे असं मी स्पष्ट सांगतो. तरी एक सल्ला देतो, वकील म्हणून आणि ह्या गल्ल्यांमध्ये वीस वर्षं फिरलेला माणूस म्हणून. दिरांना घरी बोलवा, कलम दाखवा, आणि जमलं तर थोडीफार रक्कम ठरवून त्यांच्याकडून नोटरीसमोर ना-हरकत लिहून घ्या. ते त्या खोलीत लहानाचे मोठे झालेत, त्यांचंही मन आहे तिथे. कोर्टात गेलात तर तुम्ही जिंकालही पण तोवर इमारत पडून नवीन उभी राहील. नाहीच ऐकलं तर धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात तुम्हीच भाडेकरू आहात हे ठरवून घेण्याचा दावा लावायचा.

मालकाचे चार लाख. खोली तिसऱ्या माणसाला ट्रान्सफर करताना मालक पैसे घेऊ शकतो, ह्याच भाडे कायद्याच्या कलम ५६ नं पागडीचा हा व्यवहार कायदेशीर केलाय. पण तुम्ही खोली विकत नाहीये, हक्क कायद्यानंच तुमच्याकडे आलाय, त्यासाठी मालकाला काहीही द्यायची गरज नाही. लेखी पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, कलम ३१. स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, दोन्ही मृत्यूदाखल्यांची कॉपी जोडा, भाड्याचा चेक जोडा, पोचपावती जपून ठेवा. चेक परत आला तर तो लिफाफा न फोडता तसाच ठेवा, मला कोर्टात असा बंद लिफाफा हातात मिळाला की निम्मं काम झालेलं असतं. भाडं थकवू नका म्हणजे नकोच, ८६ रुपयांवरून माणसांच्या खोल्या गेलेल्या मी पाहिल्यात.

आणि कुलूप. ही गोष्ट तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहिलीय पण मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. मालकानं दावा लावायच्या आधीचे सलग सहा महिने विनाकारण जागा वापरात नसेल तर मालक त्या मुद्द्यावर खोली मागू शकतो. मुलीकडे जा, पण मुक्काम इथला ठेवा, महिन्यातून निदान काही दिवस चूल पेटली पाहिजे. लाईटचं मीटर, गॅस, रेशनकार्ड, मतदार यादी सगळं ह्याच पत्त्यावर राहू द्या. खोटं दाखवायला सांगत नाहीये, खरंच राहा. जिन्याची भीती वाटते हे समजतं, तर तसं म्हाडाच्या वॉर्डातल्या कार्यकारी अभियंत्याला लेखी द्या की जिना धोकादायक असल्यामुळे राहणं अवघड झालंय, म्हणजे कारण रेकॉर्डवर येतं.

आता ७९-अ. २०२० मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रपतींची संमती २०२२ च्या शेवटी आली. त्यात धोकादायक ठरलेल्या सेसच्या इमारतीच्या मालकाला सहा महिने मिळतात ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला, त्यानं नाही केलं तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, आणि दोघांनीही नाही केलं तर म्हाडा जागा संपादन करून स्वतः बांधते. बिल्डरचा माणूस ही शेवटची पायरी भीती घालायला वापरतोय, पण ती भीती मालकाची आहे, तुमची नाही. संपादन झालं तर मालकाला ठरलेला मोबदला मिळतो आणि तुमचा पुनर्वसनाचा हक्क तसाच राहतो. आणि मधली पायरी तर तुमच्यासाठीच आहे, २४ पैकी १३ खोल्या एकत्र आल्या की तुम्ही स्वतः बिल्डर निवडू शकता! दुसरं, नोटीस खरंच निघालीय का ते डोळ्यांनी बघा, तिची कॉपी मागा. इमारत धोकादायक असल्याची पालिकेची कलम ३५४ ची नोटीस किंवा दुरुस्ती मंडळाचा तसा निर्णय हा तिचा पाया असतो, आणि सरसकट काढलेल्या ७९-अ नोटिसांवर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कडक ताशेरे ओढलेत ते ह्याच पायावरून.

शेजाऱ्यांच्या "सही करूच नका" ला पण उत्तर देतो. ५१ टक्के झाले आणि म्हाडाची एनओसी आली की उरलेले नुसते अडून बसू शकत नाहीत, म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली त्यांना खोली रिकामी करायला लावता येते. आणि इमारत पडायची वाट बघत बसणं हा मार्गच नाही. भेंडीबाजारची हुसैनी इमारत ऑगस्ट २०१७ ला आणि डोंगरीची केसरबाई जुलै २०१९ ला पडली, किती माणसं गेली ते सगळ्यांना माहितीय. इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय, पण त्या ढिगाऱ्यातून कागद शोधायची वेळ कोणावर येऊ नये.

म्हणजे सही करा, पण हे संमतीपत्र नको. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात "क्षेत्रफळ" च्या पुढे रिकामी जागा आहे, भाड्याच्या रकमेपुढे रिकामी, तारीख नाही, आणि खाली बारीक अक्षरात "अपरिवर्तनीय" लिहिलंय म्हणजे एकदा दिली की मागे घेता येत नाही. अशा कोऱ्या कागदावर सही करायची नाही म्हणजे नाही. क्षेत्रफळ आकड्यात आणि अक्षरात, कार्पेट असं स्पष्ट लिहून, महिन्याचं भाडं किती आणि ते ॲडव्हान्समध्ये किती महिन्यांचं, दहा वर्षांच्या मेंटेनन्सचा कॉर्पस म्हणजे राखीव निधी (हा ३३(७) मध्येच बिल्डरवर टाकलाय), घर कधी देणार, आणि खोली रिकामी करायच्या आधी तुमच्या एकटीच्या नावानं रजिस्टर्ड करार. ३०० फूट हा तळ आहे हे लक्षात ठेवा, वर किती मिळतं ते १३ जणी-जण एकत्र बसून बोलण्यावर आहे. बीडीडी चाळीवाल्यांना ५०० फूट मिळाले मग आम्हाला का नाही असं तुम्ही विचारलंय, तर तिथली जमीन सरकारची, नियम वेगळा, ३३(९)(ब), त्याची तुलना करून मीटिंगमध्ये भांडू नका, वेळ जातो. भाड्यातून टीडीएस कापतो म्हणाला तर २०२४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सांगा, ट्रान्झिट भाडं हे उत्पन्न नाही असं त्यात म्हटलंय.

ह्या रविवारी मुलीला बोलवा, टेप आणा आणि खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, मोरी आणि स्वयंपाकाचा कोपरा धरून, मोजताना शेजारच्या काकांना उभं करा आणि आकड्याखाली त्यांची सही घ्या. मग पालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांच्या नोंदीचा उतारा, काढा, त्यात तुमच्या खोलीपुढे कोणाचं नाव आहे ते बघा. सासऱ्यांच्या जुन्या पावत्या तुम्ही गोदरेजच्या कपाटात पिशवीत ठेवल्यात असं लिहिलंय, त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी काढून दोन्हीच्या तीन-तीन झेरॉक्स करा, मूळ पावती बिल्डरच्या माणसाच्या हातात अजिबात देऊ नका, बघायला मागितली तरी झेरॉक्सच दाखवा. हे झालं की दुरुस्ती मंडळाच्या तुमच्या वॉर्डाच्या ऑफिसात नाव दुरुस्तीचा अर्ज द्या आणि तुमच्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.